सोवळ्यातला काटा

आमच्या कोपरीतल्या घरी कोणी नवा माणूस आला की पडवीत उभा राहून पहिला प्रश्न हाच करतो, "नाना, एका माणसाला इतके काटे कशाला हो?" पूर्वी हा प्रश्न चार काट्यांबद्दल असे, आता तीन काट्यांबद्दल असतो. उत्तर मी माणूस पाहून देतो. व्याही मंडळी असतील तर म्हणतो, हौस. कारखान्यातला माणूस असेल तर म्हणतो, तुम्हाला काय सांगायचं! आणि कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणतो, बसा, पान खा, वेळ आहे ना? या अंकाच्या संपादकांनी तसं खोदून विचारलं आहे, तेव्हा वाचकांनीही बसून घ्यावं.

आधी काटा म्हणजे काय ते सांगतो. तराजूचा नव्हे, घड्याळाचा नव्हे, आणि बाभळीचा तर नव्हेच. पितळेच्या लहानशा घोडीवर एक तरफ बसवलेली असते. तिचं एक टोक आखूड, दुसरं लांब. आखूड टोक कामाला, म्हणजे तपासायच्या वस्तूला, टेकवायचं आणि काम हातानं हळूहळू फिरवायचं. काम केसाच्या जाडीइतकं जरी वाकडं असलं, तरी लांब टोकाचा काटा खुणांच्या पट्टीवर बोटभर सरकतो. डोळ्याला जे दिसत नाही ते काटा दाखवतो. एवढंच त्याचं काम. का वाकडं, कोणी वाकडं केलं, आता काय करायचं, यातलं त्याला काही कळत नाही.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. डोळे शाबूत होते तोवर नोकरी केली, मग सोडली आणि पडवीत स्वतःचं दुकान मांडलं. दुकान म्हणजे लिलावात घेतलेला एक पायानं चालवायचा लेथ, म्हणजे कातायचं यंत्र, एक शेगडी, एक ऐरण आणि हे काटे. ठाण्या-कल्याणकडचे लोक शिवणयंत्रं, छापखान्याचे रूळ, विहिरीच्या पंपांचे दांडे असं काय काय घेऊन येत. गिऱ्हाईक चांगलं, पण तऱ्हेवाईक.

एकदा कल्याणचे एक वकील आले. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, बंदुकीची नळी आहे. निघालं लाटणं! वकिलांचं नुकतंच लग्न झालेलं, घरात नवी सून आलेली, तिच्या पोळ्या गोल होईनात. सून म्हणे लाटणं वाकडं, सासू म्हणे नाचता येईना अंगण वाकडं. रोज जेवायला बसलं की हाच खटला. वकीलसाहेब बाहेर दुनियेचे खटले चालवणार आणि घरात जेवण घशाखाली उतरेना. म्हणाले, "नाना, आपण निकाल द्या, दोन्ही पक्षांना मान्य आहे." मी लाटणं लेथवर दोन टोकांत धरलं, काटा टेकवला. पाव फेऱ्यातच काटा पट्टीच्या बाहेर गेला! इतकं वाकडं लाटणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. वकिलांनी तिथंच कपाळावर हात मारला. म्हणाले, "आता हे आईला कोण सांगणार?" पुढे काय झालं मला ठाऊक नाही. लाटणं मात्र ते माझ्याकडेच ठेवून गेले.

आणखी एक गृहस्थ होते डोंबिवलीचे. त्यांनी काटा बराच वेळ निरखला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हा माणसाच्या मनगटाला टेकवला तर खरं-खोटं कळतं का?" मी म्हटलं, मनगटाला टेकवला तर नाडी कळेल, त्यासाठी वैद्य स्वस्त पडतो. ते खट्टू होऊन गेले. तेव्हा मी हसलो होतो.

आता मूळ प्रश्नाकडे. चार कशाला? पहिला काटा मी स्वतः केला. त्याची तरफ जरा जास्तच लांब झाली, म्हणून माझी बायको यमुना त्याला लांबनाक्या म्हणायची. (बायकोचं नाव छापल्याबद्दल मला घरी बोलणी बसणार आहेत, पण पुढे तिचं काम आहे.) दुसरा विलायतेला परत जाणाऱ्या एका फोरमनचा, त्याचं नाव साहेब. तिसरा घड्याळजीच्या सामानातला, हाताच्या पंजात मावेल एवढा, तो बटू. एकाच कामावर तीन ठिकाणी तीन काटे लावता येतात आणि काम एकदा फिरवलं की तिन्ही ठिकाणचं एकदम दिसतं. एकच काटा इकडून तिकडे हलवत बसलं, तर इथलं पाहीपर्यंत तिथलं विसरतं. शिवाय तीन असले की एकमेकांवर नजर ठेवतात. एक खोटं बोलला तर उरलेले दोघे त्याला उघडा पाडतात.

आणि चौथा? तो मी उमेदीच्या काळात मन मारून, पोटाला चिमटा काढून मागवला होता. त्याच्यासारखा नाजूक आणि खरा काटा मी पुन्हा पाहिला नाही. तो मी कामाला कधी लावत नसे. बाकीच्या तिघांत मतभेद झाला तरच तो मखमलीच्या पेटीतून काढायचा, तो सांगेल ते शेवटचं. पेटी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. तिला कोणी हात लावायचा नाही, मीही हात धुतल्याशिवाय लावत नसे. यमुना म्हणाली, "हा तर सोवळ्यातला दिसतोय!" तेव्हापासून तो सोवळा.

आमचं घर स्टेशनाच्या अगदी पाठीशी. मालगाडी निघाली की जमीन हादरते. माणसाला कळायच्या आधी काट्यांना कळायचं. लेथवर काम चाललेलं असताना लांबनाक्या उगाच थरथरू लागला की मी ओळखायचो, आता गाडी येणार, आणि हात आवरून बसायचो. यमुनाही स्वयंपाकघरातून ओरडायची, "फळीवरचे पेले सांभाळा हो!" सोवळा सर्वांत नाजूक, त्यामुळे त्याची थरथर सर्वांत जास्त. पेटीतून काढून ठेवला असला तर गाडी गेल्यावरही बराच वेळ त्याचा काटा लवलव करत राही.

आता खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. लोहाराचा घण, सुताराचा रंधा, माझे काटे, सगळे पाटावर. हत्यार चालवायचं नाही, पूजा करायची आणि दसऱ्याला नव्यानं काम सुरू करायचं. यमुना पूजा मनापासून करायची. लांबनाक्या, साहेब आणि बटू यांना ती झेंडूची फुलं वाहायची आणि बोटभर कुंकू लावायची. दसऱ्याच्या सकाळी मी ते फडक्यानं नीट पुसून काढत असे. कामाची हत्यारं ती, रोजच तेलात माखायची आणि रोजच पुसायची. सोवळ्याची पेटी ती त्या एका दिवसापुरती उघडायची आणि नुसतं फूल ठेवून बंद करायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मला दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंपाच्या एका कामासाठी मुंबईस जावं लागलं. पूजा तिनं एकटीनं केली. परत आलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. दसऱ्याला तिघांना पुसलं, सोनं वाटलं, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या पाण्याबरोबर एक होडी खाडीनं आली. कल्याणच्या एका भातगिरणीचा शाफ्ट, म्हणजे गिरणीचा मुख्य आडवा दांडा, चार माणसांनी उचलून पडवीत आणून ठेवला. बरोबर दोघे जण होते. एक गिरणीचे मुनीम, गोविंदराव. काळा कोट, पगडी आणि उपरण्यात घाम. दुसरा चांगो, गिरणीचा इंजिनवाला. चांगो आमच्या कोपरीचाच. त्याच्या वाडवडिलांनी मिठागरात जन्म काढला. त्यानं मात्र इंजिनाशी सोयरीक केली आणि कल्याणला जाऊन गिरणीच्या आवारात खोलीत राहू लागला. हुशार माणूस. बोलायला कमी, ऐकायला तयार.

मुनिमांनी हकीकत सांगितली. पावसाळ्याचे चार महिने गिरणी बंद. दसऱ्याला सुरू करायची म्हणून चांगोनं शाफ्ट काढून बेरिंगं साफ केली. परत बसवताना दोरी सुटली आणि शाफ्ट खाली पडला. दसऱ्याला शेटजींनी नारळ फोडून गिरणी सुरू केली, तर सगळी गिरणी धडाधडा हादरू लागली. बेरिंग इतकं तापलं की धूर आला. बंद करावी लागली. नव्या भाताची पोती दिवाळीनंतर दारात येऊन पडणार, आणि विलायतेहून नवा शाफ्ट येईपर्यंत हंगाम संपणार.

"यानं पाडला, यानं वाकवला," मुनीम म्हणाले. "शेटजी म्हणतात, नानांकडे न्या. ते सरळ म्हणाले तर दोष बेरिंगांचा, बघता येईल. वाकडा म्हणाले तर यानं आजच खोली रिकामी करायची. आपण फक्त सरळ की वाकडा ते सांगा, नानासाहेब. बाकी शेटजी बघतील."

चांगो माझ्याकडे न बघता शाफ्टाकडे बघत होता. म्हणाला, "नाना, भुशाच्या ढिगावर पडला तो. दगडावर नाय. हातभर पन नाय पडला. भुशावर पडून लोखंड वाकतंय का कुठं? तुमीच सांगा."

"आणि गिरणी हादरली ती वाऱ्यानं काय?" मुनीम म्हणाले.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. चांगोच्या घरी तीन लेकरं आणि म्हातारी आई. गिरणी सुटली की पुन्हा मिठागरात, किंवा तेही नाही, कारण मिठागरवाल्यांशी भांडूनच तो गेला होता. कामाचा वाईट शिक्का बसला की दुसरा कोण ठेवणार? मी मनाशी म्हटलं, माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे, आज तिघांवर सोडून चालायचं नाही. आज सोवळा.

हात धुतले. शाफ्ट दोन टोकांशी खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवला, फिरता राहील असा. पेटी आणली, सोवळ्याला घोडीसकट मधोमध बसवलं आणि टोक टेकवलं. काटा नेमका शून्यावर होता. एरवी त्याला शून्यावर आणायला मला किती खटपट करावी लागे. म्हटलं, आज नशीब बरं दिसतंय, पहिल्याच टेकवणीत जुळलं. चांगोला म्हटलं, फिरव हळूहळू.

शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरला. सोवळ्याचा काटा जागचा हलला नाही.

पुन्हा फिरवला. नाही.

"सरळ आहे," मी म्हणालो.

चांगोनं शाफ्टाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग मटकन खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मोठा दांडगा माणूस, त्याला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मुनिमांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि होडीवाल्यांना हाक मारायला वळले. यमुना गूळपाणी घेऊन बाहेर आली होती, तीही दारात थांबली.

तेवढ्यात मालगाडी निघाली. पायाखालची जमीन घुमू लागली. स्वयंपाकघरात पेले वाजले. बाजूच्या बाकावर लांबनाक्या होता, तो थरथरला. बटू तर नाचायलाच लागला. माझी नजर सवयीनं सोवळ्याकडे गेली. तो शून्यावर होता तसाच होता. डबा मागून डबा जात होता, कौलं कुरकुरत होती, आणि तो नाजूक काटा दगडासारखा बसून होता.

 मी वाकून जवळून पाहिलं. तरफ जिथं घोडीवर झुलते, त्या खिळीच्या मुळाशी तांबडं काहीतरी चमकत होतं. नखानं खरवडलं. मेण. मेणावर कुंकू.

"यमुना, परवा याला कुंकू लावलंस का?"

ती पटकन म्हणाली, "हो, लावलं की! दर वर्षी त्या तिघांची पूजा होते आणि सगळ्यांत मोठ्या मानाचा हा, तो कोरडाच राहतो. मला बरं नाही वाटलं. कुंकू खाली पडतं म्हणून आधी मेण लावलं, आपण कपाळाला लावतो तसं. नेमकं कपाळावर लावलं हो, जिथनं काटा निघतो तिथं!"

 चूक म्हणावी तर तिनं त्याचा मानच केला होता. त्या तिघांना दसऱ्याला पुसलं, कारण ते रोजचे. याला पुसलं नाही, कारण याला हात लावायचा नाही असा माझाच नियम. सोवळ्याच्या टेकणाऱ्या टोकाला एक पातळ, लवणारी पट्टी होती, ती शाफ्टाबरोबर बिचारी लवत होती, आणि काटा मेणात घट्ट.

मुनीम परत फिरले होते. चांगोनं मान वर केली. त्याला मेण-कुंकवातलं सगळं कळलं नसेल, पण माझा चेहरा कळला.

"चांगो, थांब," मी म्हणालो. "मला परत बघायला हवं."

"नाना," तो हळूच म्हणाला, "सांगून झाला ना तुमचा."

मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. यमुनेलाही नाही. पण तो शाफ्ट परत गिरणीत गेला असता, परत बेरिंग तापलं असतं, आणि या वेळी तो शाफ्ट तुटून कोणाच्या डोक्यात जाता तर? तिथं चांगोच उभा राहणार होता. हे मी त्याला सांगितलं. तो उठला आणि ठोकळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

सोवळा बाजूला ठेवला. मग तिघांना ओळीनं लावलं. डाव्या टोकाजवळ साहेब, मधे लांबनाक्या, उजव्या टोकाजवळ बटू. चांगोनं शाफ्ट फिरवला.

तिघेही हलले. मधला लांबनाक्या पट्टीच्या शेवटापर्यंत गेला आणि परत आला.

"वाकडा!" मुनीम म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "बघितलंत? मी म्हणत नव्हतो?"

चांगोनं शाफ्टावरचा हात काढून घेतला. म्हणाला, "चला मग. खोली रिकामी करतो."

"अरे, थांब रे जरा!" मी ओरडलोच. कारण तिघे एकाच वेळी काय सांगत होते ते मला दिसू लागलं होतं. एकटा सोवळा चालू असता तरी त्यानं फक्त वाकडा एवढंच सांगितलं असतं. या तिघांनी आकार सांगितला. पडून वाकलेला दांडा एका ठिकाणी मोडल्यासारखा वाकतो, कोपर वाकतो तसा, आणि तिथं वण असतो. इथं तसं काही नव्हतं. टोकांकडून मधे येईपर्यंत वाक हळूहळू वाढत गेला होता, वल्हं वाकतं तसा. आणि तिन्ही काटे एकाच घडीला चढत होते, एकाच घडीला उतरत होते. म्हणजे वाक सगळा एकाच बाजूला. हे एका क्षणात झालेलं नव्हतं. कशानं तरी या दांड्याला बरेच दिवस एकाच बाजूला ओढून धरलं होतं.

जिथं काटे सर्वांत वर जात होते तिथं मी खडूनं रेघ मारली. मग विचारलं, "चांगो, पावसाळ्यासाठी गिरणी बंद केलीत तेव्हा शाफ्ट कसा थांबवला होता? म्हणजे कुठली बाजू वर होती?"

"पाचरीची बाजू वर," तो म्हणाला. पाचर म्हणजे मोठी पुली दांड्यावर घसरू नये म्हणून ठोकतात ती. "बंद करताना मी पाचर वर घेतो, तिला कुंकू लावतो, नारळ फोडतो. दर वर्षी. दसऱ्याची पूजा इंजिनाची, बंद करायची पूजा पाचरीची. मुनीमांनी परसाद पन खाल्ला."

मुनिमांना नाही म्हणता येईना. मी पाचरीची खाच पाहिली. खाचेच्या कोपऱ्यात तेलाखाली तांबडा-काळा डाग अजून होता. घरचं कुंकू मला तासाभरापूर्वी फसवून गेलं होतं, आणि गिरणीचं कुंकू चार महिने जागेवर राहून साक्ष देत होतं. यमुना म्हणाली, "बघा, काही कुंकवं कामालाही येतात," आणि मी भर पंचायतीत हसलो.

डाग वर धरून शाफ्ट ठोकळ्यांवर गिरणीत असतो तसा ठेवला. खडूची रेघ बरोबर आडवी, एका अंगाला आली.

"या अंगाला काय आहे गिरणीत?"

"इंजिन," चांगो म्हणाला.

"आणि इंजिनापासून पुलीवर येतो तो पट्टा पावसाळ्यात काढला होता?"

आता चांगोनं पहिल्यांदा मुनिमांकडे पाहिलं. "सुती पट्टा हाय, नाना. मी सांगतला, पानी लागलं तर आखडेल, काढून ठेवू. मुनीम बोलले, राहू दे, मधेच कोनाचं पोतं-दोन पोती निघाली तर? मी परत परत सांगतला. वरचं कौल फुटलेला, तो पन सांगतला. मंग काल बोलले, मी कदी ऐकलंच नाय."

पावसात खाटेची दोरी भिजली की किती ताणून बसते ते कोणाला सांगायला नको. फुटक्या कौलातून पाणी पट्ट्यावर, पट्टा आखडला, आणि थांबलेल्या दांड्याला चार महिने इंजिनाकडे ओढत राहिला. गिरणी चालू असती तर दांडा फिरता राहिला असता. बंद होती, म्हणून सगळी ओढ एकाच बाजूला बसली. चांगोच्या हातून सुटून तो भुशावर पडला खरा, पण पडला तो आधीच वाकलेला.

मुनिमांनी पगडी काढली, परत घातली. "नानासाहेब, आपल्याला सरळ की वाकडा एवढंच विचारलं होतं."

"वाकडा," मी म्हणालो. "कोणी वाकवला तेही विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता न विचारता सांगतो."

भरतीच्या होडीनं मी त्यांच्याबरोबर कल्याणला गेलो आणि शेटजींना खडूच्या रेघेसकट सगळं सांगितलं. आधी सरळ म्हणालो होतो तेही सांगितलं, नाहीतर मुनिमांनी सांगितलंच असतं. शेटजी शहाणे होते.  शाफ्ट परत माझ्याकडे पाठवला. मी तो स्क्रूच्या दाबाखाली इंजिनाच्या उलट अंगाला थोडा थोडा रेटला, तिन्ही काटे लावून. रेटायचं, बघायचं, परत रेटायचं. जास्त रेटलं तर उलटा वाकतो. बरेच दिवस गेले, पण दिवाळीनंतरची पोती दारात आली तेव्हा गिरणी चालू होती. चांगो खोलीतच राहिला. मुनीमही होते तिथंच राहिले, मुनीम कुठं जात नाहीत. सोवळ्याचं मेण मी गरम तेलानं काढलं, पण त्याला पुन्हा शेवटचा शब्द कधी दिला नाही.

पुढल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी चांगो आला. झेंडूची फुलं आणि भाताची नवी कणसं घेऊन. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाना, मना एक काटा द्या."

मी म्हटलं, "तुला कशाला? शाफ्ट सरळ आहे ना?"

"सरल हाय. पट्टा पन काढतो आता पावसात. पन परवा परत मी सांगतला की बेरिंग झिजलाय, तर शेट बोलले, नानांचा काटा काय बोलतो ते बघू." तो हसला, पण ते हसू पोटातलं नव्हतं. "त्या पट्ट्याचं मी सगल्या पावसात सांगत होतो. तुमचा काटा एकदा हलला आनि सगल्यांना पटला. माझा शब्द कोन ऐकत नाय, तर काटा तरी माझा असू दे."

 त्या दिवशी त्याची नोकरी राहिली म्हणून मी वर्षभर खूश होतो. त्याची नोकरी माझ्या काट्यावर राहिली, त्याच्या शब्दावर नाही, हे मला सुचलंच नव्हतं. डोंबिवलीच्या त्या गृहस्थाला मी हसलो होतो, तोही आठवला.

मी लांबनाक्या काढू लागलो. माझ्याच हातचा, मोडला तर दुरुस्त करता येईल. यमुना स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "सोवळा द्या."

"अगं, तो—"

"तुमच्याकडे तिघं आहेत. एक चुकला तर दुसरे सांगतात. हा तिथं एकटा आहे. एकट्याला द्यायचा तर सगळ्यांत चांगला द्यावा."

 मी पेटी फळीवरून काढली. चांगोनं ती घेण्याआधी अंगणात जाऊन हात धुतले. परत आला तेव्हा हात पुसायला काही नव्हतं म्हणून वाऱ्यावर धरून उभा राहिला.

"आणि हे बघ चांगो," यमुना म्हणाली, "त्याला कुंकू लावू नकोस हं."

"लावीन ना वयनी," तो म्हणाला. "पन पेटीला."